रद्दीवाल्याचा काटा

आमच्या माळ्यावर कूलरच्या ताट्या, गणपतीचं मखर आणि माझे स्कूबाचे फिन्स, म्हणजे पायात घालायचे लांब पंख, एकमेकांना टेकून राहतात. होळी झाली की ताट्या खाली येतात, मे उजाडला की फिन्स. नागपूरच्या माणसानं समुद्रात बुडी मारायचं सामान स्वतःच्या मालकीचं ठेवणं म्हणजे लेहच्या माणसानं कूलर ठेवण्यासारखं आहे, असं बायकोचं मत आहे. फिन्स पुसताना ते ती दरवर्षी सांगते. पुसत मीच असतो, ती फक्त सांगते.

"तिथं अंदमानात भाड्यानं भेटते नं सगळं?" हा तिचा दुसरा मुद्दा.

भेटते. पण माझ्या चष्म्याचा नंबर उणे चार आहे. नंबरच्या काचा बसवलेला माझा मास्क नसला, तर अंदमानचा अख्खा समुद्र मला आमच्या फुटाळा तलावासारखा दिसतो. रेग्युलेटर, म्हणजे पाण्याखाली ज्यातून श्वास घ्यायचा ते नळ्यांचं यंत्र, त्याचं म्हणाल तर ती वस्तू तासभर दातांत धरायची असते. लग्नात शेरवानी भाड्यानं घेऊ शकतो, दातांचा ब्रश नाही. डाइव्ह कॉम्प्युटर किती खोल गेलो, किती वेळ राहिलो याचा हिशेब ठेवतो, म्हणून तोही आपलाच बरा. बीसीडी, म्हणजे हवा भरायचं ते जाकीट, का न्यायचं याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. सेलमध्ये घेतलं होतं.

आता हे सगळं केबिन बॅगेतच का? तर कोलकात्याला विमान बदलावं लागतं. आपण पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम म्हणायचं) उतरलो आणि आपला श्वास कोलकात्यातच राहिला, असं नको. शिवाय टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. पण खरं कारण वेगळंच होतं. पंधरा किलोंची मोठी बॅग माझ्या ताब्यात राहिलीच नव्हती.

आमचा एक भाचा बदलीवर तिकडे आहे. ही बातमी आईला तिकीट काढल्यानंतर कळली, नाही तर मी तिकीटच काढलं नसतं. आधी ती म्हणत होती, "लोकांना शिक्षा म्हणून काळ्या पाण्यावर पाठवत होते, तू पैसे देऊन चालला!" भाच्याचं नाव निघताच काळं पाणी एकदम गोडं झालं. लोणचं, सावजी मसाला, संत्रा बर्फी, सांडगी मिरची आणि कुरड्या. कुरड्यांना वजन नसतं, जागा लागते, आणि त्या सुनेच्या नव्या साडीपेक्षा जपून न्याव्या लागतात.

मी वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा जाड रबरी पोशाख, गुंडाळत होतो, तेवढ्यात आईनं एक फिन उचलला, आत हात घालून पाहिला आणि म्हणाली, "हे जोडे तर पोकळच आहेत नं बाप्पा! यात बसते की पाकीट." फिनच्या पावलाच्या पोकळीत सामान कोंबायचं ही मुरलेल्या डायव्हरांची युक्ती मला पाचव्या प्रवासात कळली होती. जिनं आयुष्यात अंबाझरी तलावात पाय बुडवला नाही, तिला ती दोन मिनिटांत सुचली. माझ्या मास्कची कडक डबीही तिनं हेरली होती. तिच्यात संत्रा बर्फी गेली आणि मास्क बनियनात गुंडाळला गेला.

उरला प्रश्न सात किलोंचा. केबिन बॅग सात किलोंच्या आत बसायला हवी, आणि आमच्या बाथरूममधला वजनकाटा बायकोनं मागच्या दिवाळीनंतर कुठेतरी लपवला आहे. त्याच दुपारी गल्लीत रद्दीवाला आला. ऊन पंचेचाळीसचं. मी त्याला सावलीत घेतलं, माठातलं पाणी दिलं आणि बॅग त्याच्या आकड्याला टांगली. काटा साडेसहावर थांबला. मला इतका आनंद झाला की त्या आनंदात मी बॅगेत पाचशे ग्रॅमचा चिवडाही टाकला असता. बायकोनं टाकलाच.

गेली अठरा वर्षं या माणसाच्या काट्यावर आमचे महिन्याचे पेपर कधी चार किलोंच्या वर गेले नाहीत, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं ते सोनेगावला, विमानतळाच्या काट्यावर लाल आकडे दिसले तेव्हा. ८.८.

"सर, एक किलो आठशे जास्त आहे," काउंटरवरची मुलगी नम्रपणे म्हणाली. चिवडा काढला. तरी एक किलो तीनशे. बाकी काय काढणार? मी रेग्युलेटर काढला आणि गळ्यात अडकवला. चार नळ्या छातीवर लोंबत होत्या. मुलीनं बॅगेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टॅग लावला. नियम बॅगेच्या वजनाचा होता, माणसाच्या नव्हे. तसा असता तर मी कधीच जमिनीवर राहिलो असतो.

सुरक्षा तपासणीत गळ्यातलं सगळं ट्रेमध्ये गेलं. पडद्यावर ते कसं दिसलं असेल कोण जाणे, पण जवानानं पट्टा थांबवला.

"ये पीला वाला क्या है?"

"ऑक्टोपस," मी म्हणालो. त्या सुट्या तोंडाला खरोखरच तसं म्हणतात, पण सकाळी सहाच्या विमानाला हा शब्द उच्चारायचा नसतो. मग घाईघाईनं सांगितलं, की पाण्याखाली जोडीदाराची हवा संपली तर हे त्याला द्यायचं.

"अच्छा," तो म्हणाला, "मतलब स्टेपनी."

अठरा मीटरपर्यंतचा कोर्स, जाडजूड पुस्तक, लेखी परीक्षा, आणि इतकं नेमकं मला कुणी समजावलं नव्हतं.

विमानाच्या दारात पुन्हा वजन करतील या भीतीनं मी गळ्यातलं काढलं नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या आजी बराच वेळ निरखत होत्या. शेवटी न राहवून त्या म्हणाल्या, "दमा आहे का जी?" मी नाही म्हणणार, तेवढ्यात त्यांनी अडुळशाचा काढा सुरूही केला होता. सुंठ किती, मध किती, किती पाण्यात काय. त्यांचे यजमान उठून उभे राहिले आणि पाय मोकळे करता यावेत म्हणून मला आपली खुर्चीही देऊ लागले. "आणि समुद्राकडे जाऊ नका," आजींनी बजावलं, "तिथली हवा दमट असते." मी बरं म्हटलं.

समुद्र छान होता. एवढंच सांगतो, कारण मासे सांगून दिसत नाहीत. मात्र एक गोष्ट मनाला लागली. जाकीट, सूट आणि पोट मिळून मी खाली जाईचना, तेव्हा तिथल्या पोरानं माझ्या कमरेला सहा किलो शिसं बांधलं. विमानतळावर एक किलो तीनशेसाठी मी दमेकरी झालो होतो, आणि इथं हा माणूस वजन फुकट वाटत होता! शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी किमान अठरा तास थांबावं लागतं, रक्तात मुरलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून. त्या अठरा तासांत नायट्रोजन गेला, वेटसूटमधलं पाणी गेलं नाही. नागपुरात ते काम गच्चीवर वीस मिनिटांत झालं.

आणि कुरड्या? एकही मोडली नाही. भाच्यानं फोन करून आईला सांगितलं, की पॅकिंग एकदम एक नंबर होतं.

रविवारी रद्दीवाला आला. आठवडाभराचे पेपर त्यानं आकड्याला टांगले, काटा पाऊण किलोवर. मी काही बोललो नाही. आत गेलो, रेग्युलेटर आणला आणि म्हटलं, "याचं वजन कर बरं."

त्यानं तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, नखानं खरवडला.

"आतून पितळ आहे साहेब," तो म्हणाला. "हे काट्यावर कशाला? याचा अंदाजानंच चांगला भाव देतो."

"किती देते ते विचारा तरी," आतून आवाज आला.