‘सोयीसाठी उलटे केलेले सण’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मेलबर्नची पेगन, म्हणजे निसर्गपूजक मंडळी आपले सण उत्तर गोलार्धाच्या तारखांपासून सहा महिने सरकवून करतात. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “सोयीसाठी सण उलटे करायचे आणि त्याला निसर्गपूजा म्हणायचं, हा पोरखेळ आहे. आपली संक्रांत मेलबर्नलाही जानेवारीतच होते ना? सण मूळ तारखेलाच हवा.” मत पटलं नाही तर जरूर सांगा. पण पोरखेळ? ज्यांना तुम्ही हे म्हणता, त्यांच्या रिंगणात मी स्वतः उभी असते. त्यांच्यातल्या कुणाशी कधी बोलल्याची खूण तुमच्या प्रतिक्रियेत नाही, तरी निकाल मात्र देऊन मोकळे झालात.

संक्रांतीचंच बघू. सूर्य मकर राशीत शिरतो तो क्षण साऱ्या पृथ्वीला एकच, म्हणून ती इथेही जानेवारीतच येते आणि ते योग्यच आहे. यूल हा पेगन सण राशीवर ठरत नाही. वर्षातला सगळ्यात लहान दिवस, तो यूल. मेलबर्नला 21 जूनच्या सुमारास दिवस साडेनऊ तासांचा असतो, डिसेंबरात त्याच सुमारास पावणेपंधरा तासांचा. मग सूर्याच्या पुनर्जन्माचा दिवा डिसेंबरात कशासाठी लावायचा? तेव्हा सूर्य उत्तरेकडे वळतो आणि इथला दिवस आखडायला लागतो. उत्तरायणाचा दाखला देणाऱ्याला हे सांगावं लागू नये.

राहिली ‘मूळ तारीख’. यातले काही सण फार जुने आहेत, पण वर्षभरातल्या आठ सणांचं हे चक्र गेल्या शतकाच्या मध्यावर ब्रिटनमध्ये जुळलं, आधुनिक पेगन पंथांचे अध्वर्यू जेराल्ड गार्डनर आणि रॉस निकल्स यांच्या वर्तुळांत. शरद-संपाताच्या सणाला मेबन हे नाव तर एडन केली यांनी 1970 च्या दशकात दिलं. ब्रिटनच्या ऋतूंवर बेतलेलं चक्र सहा महिने सरकवलं नाही, तर भर उन्हाळ्यात थंडीचा सण येतो.

आणि ‘सोयीसाठी’ म्हणता, तर त्यातलं काम बघा. नुसती तारीख सरकवून भागत नाही. इथे सूर्य पूर्वेला उगवतो, दुपारी उत्तरेला असतो आणि पश्चिमेला मावळतो. म्हणून रिंगण सूर्याच्या चालीनं घालायचं तर घड्याळाच्या उलट फिरावं लागतं. रिंगणात चार दिशांना चार तत्त्वं मांडतात: वायू पूर्वेला, जल पश्चिमेला. इथे अग्नी दक्षिणेऐवजी उत्तरेला आणि पृथ्वी दक्षिणेला जाते. मेलबर्नला तापलेले वारे उत्तरेकडून येतात आणि गार वारे दक्षिणेकडून, त्यामुळे ते शरीरालाही पटतं. हे दोन्ही बदल एकत्रच करायचे. दोन्ही केले की वायू, अग्नी, जल, पृथ्वी हा क्रम शाबूत राहतो. नुसत्या दिशा बदलून पाय जुन्याच बाजूनं वळवले, तर वायूनंतर पृथ्वी येते आणि अग्नी शेवटी. उत्तर गोलार्धातल्या पुस्तकांवर शिकलेले लोक जमले की नेमकं इथेच अडतं: अर्धे डावीकडे वळतात, अर्धे उजवीकडे. म्हणून दिशा आणि फेरा आधीच सगळ्यांना सांगून ठेवायचा.

तारीखही परदेशी तक्त्यातून उचलता येत नाही. डिसेंबर 2025 मधला अयनबिंदू, म्हणजे सूर्य वळण्याचा क्षण, ग्रीनिचच्या वेळेनं 21 तारखेला 15:03 वाजता होता. मेलबर्नला तेव्हा 22 तारीख लागून पहाटेचे 2:03 झाले होते. तक्ता बघून 21 च्या पहाटे लिथाचा, म्हणजे सगळ्यात मोठ्या दिवसाच्या सणाचा, सूर्योदय धरणारा एक दिवस आधीच पोचला.

साविन, म्हणजे हॅलोविनचं मूळ असलेला सण, इथे 30 एप्रिलच्या सुमारास येतो. कोरायचे भोपळे त्याच मोसमात पिकतात, ऑक्टोबरात नाही. वसंत-संपाताचा सण ओस्टारा सप्टेंबरात. तेव्हा दुकानात चॉकलेटची अंडी मिळत नाहीत, म्हणून खरी अंडी उकडून रंगवायची. यूलचं लाकूड रेड गम या निलगिरीच्या जातीच्या झाडाचं चांगलं. सावकाश जळतं, निखारा टिकतो. मात्र ते नीट वाळलेलंच हवं. ओलं असेल तर नुसतं धुमसतं.

लामास हा पहिल्या कापणीचा सण इथल्या कापणीशी जुळत नाही, हा तुमचा मुद्दा मात्र मान्य. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात गव्हाची कापणी साधारण नोव्हेंबरात सुरू होऊन जानेवारीपर्यंत उरकते. 2 फेब्रुवारीची भाकरी पहिल्या कणसाची नसते. पण एक सण महिनाभर चुकला म्हणून आठही मोडीत निघत नाहीत.

शेकोटीबद्दल तुम्ही लिहिलेला “जंगलं पेटवणारे” हा शब्द मी सोडून देणार होते, पण नाही. लिथा आगीच्या मोसमात येतो हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. संपूर्ण अग्निबंदी त्या अख्ख्या दिवसाला लागू असते, मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. म्हणून आदल्या दिवशीच अग्निशमन दलाची, सीएफएची सूचना बघायची. बंदी असेल तर उघड्यावर ज्वाला नाही. रिंगणाच्या मध्यावर बॅटरीचा कंदील किंवा पाण्यात सोडलेली पिवळी फुलं. मोठी शेकोटी जूनसाठी राखायची. ती यूलची.

बाकीच्या ओळींत धर्मांतराचा संशय आहे. त्याला उत्तर देणार नाही. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, ती आहे तशीच राहील.