"एक पाईप जोडायला तीन दिवस" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या गॅरेजबद्दलचा तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. शनिवारी पाचला गाडी देतो म्हणालो आणि दिली सोमवारी संध्याकाळी. तुमची टोमॅटोची एक खेप बुडाली, त्याबद्दल माफी मागतो. सीएनजीची टाकी नीट न बघता वेळ सांगितली, ही चूक माझीच.

पण "एक पाईप जोडायला तीन दिवस लावले" हे वाक्य जिवाला लागलं. नारायणगावपासून आळेफाट्यापर्यंतची गिऱ्हाइकं आता आधी मोबाईलवर स्टार बघतात, मग गाडी आणतात. म्हणून काय झालं ते इथेच सांगतो.

तुमच्या छोट्या हत्तीच्या बॉडीचं वेल्डिंग करायचं म्हणून सीएनजीची टाकी उतरवली होती. ते बरोबरच केलंत. पण काढणाऱ्याने नटाला पाना लावायच्या ऐवजी पाईपच पक्कडीत धरून पिळला. व्हॉल्व्हपासून चार बोटांवर पाईप चपटा झाला होता, तो मी तुम्हाला बोट लावून दाखवला. तुम्ही म्हणालात, "तेवढ्याने काय होतंय, आवळून टाका." दादा, भरलेल्या टाकीत २०० बारचा दाब असतो, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभरपट. या जोडाला टेफलॉन टेप नाही की एम-सील नाही. नट आवळला की आतली फेरूल, म्हणजे धातूची बारीक कडी, पाईपला चावून बसते, सगळा दाब तीच धरते. चपट्या पाईपावर ती कशी बसणार? मधेच तुकडा जोडूनही चालत नाही. म्हणून टाकीपासून रेग्युलेटरपर्यंत अख्खा पाईप नवा ओढला, चॅसीला क्लिपा मारल्या, टाकीच्या पट्ट्यांखालचं रबर बदललं. रबराचे पैसे बिलात लावलेले नाहीत, बघून घ्या. हे सगळं शनिवारी चारपर्यंत झालं होतं.

मग टेस्टची तारीख असते त्या प्लेटवरचा चिखल पुसला, तर टाकीच्या हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या तपासणीची, मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपलेली. दर तीन वर्षांनी टेस्ट हा सरकारी नियम आहे, मी काढलेला नाही. तशीच जोडून दिली असती तर पंपावाल्याने प्लेट बघून गॅस नाकारला असता आणि शिव्या मलाच बसल्या असत्या. टाकी पुन्हा उतरवली. रविवारी टेस्टिंग बंद. सोमवारी पहाटे माझा पोरगा ती घेऊन पुण्याला गेला. तिथे टाकी रिकामी करून, पाणी भरून दीडपटीहून जास्त दाब देतात, मग सुकवतात. आधी सांगितलेल्या ८०० रुपयांचे ३,४०० झाले ते या टेस्टमुळे आणि पाईपामुळे. टेस्टची पावती तुमच्याकडे दिली आहे, तिच्यावर एक रुपयाही चढवलेला नाही. तुमची खेप अडू नये म्हणून मेव्हण्याची गाडीही देत होतो, तुम्हीच नको म्हणालात.

आणि मी उर्मटपणे बोललो म्हणता. थोडाच गॅस भरून मी जोडांना साबणाचं पाणी लावत होतो. व्हॉल्व्हच्या नटाशी मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. दाब सोडून नट परत आवळायला मी हात घालतोय, तोच तीन हातांवर तुम्ही विडी पेटवलीत. तेव्हा ओरडलो, "बाहेर व्हा!" वयाने तुम्ही मोठे, आवाज चढवायला नको होता. पण त्या वेळी सख्ख्या भावालाही तसंच म्हणालो असतो.

यापुढे टाकी आणि प्लेट बघितल्याशिवाय वेळ सांगणार नाही. दराचा बोर्डही लावायचं चाललंय.

हजार किलोमीटर झाले की गाडी घेऊन या, सगळे जोड परत तपासून देतो, पैसे नकोत. त्यानंतरही एकच स्टार ठेवावासा वाटला तर ठेवा. फक्त "एक पाईप" तेवढं काढा.