गंगाखेडच्या गुरुजींना उत्तर: ‘सिक्युअर बूट बंद करा’ असं मी का लिहिलं होतं

गुरुजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री दुकानाचं शटर ओढता ओढता वाचली, घरी गेल्यावर जेवण बाजूला ठेवून परत वाचली. बाकीच्यांना कळावं म्हणून झालेला प्रकार थोडक्यात सांगतो. गुरुजींनी नातीच्या विंडोज ११ वाल्या लॅपटॉपवर विंडोज ठेवून शेजारी उबुंटू (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली) टाकायचं ठरवलं. कपाटातला जुना पेनड्राइव्ह लावला, तर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असं येऊन मशीन बंद पडलं. मग उबुंटू बसवण्याबद्दलचा माझा लेख उघडून त्यांनी त्यातल्या सेटिंग एकाच बैठकीत बदलल्या: सिक्युअर बूट (सही नसलेला प्रोग्राम मशीन चालू होताना अडवणारी सोय) बंद, फास्ट बूट (मशीन लवकर चालू करायची सोय) बंद, डिस्कशी बोलायचा मोड आरएसटी या इंटेलच्या पद्धतीवरून एएचसीआय या सर्वसाधारण पद्धतीवर. आता विंडोजही चालू होत नाही. लॅपटॉप आधी ४८ आकड्यांची की, म्हणजे किल्ली, मागत होता, ती कशीबशी मिळवून टाकली तर निळा पडदा.

गुरुजींचा राग तीन गोष्टींवर आहे. लेखात सांगितलेली सीएसएम नावाची सेटिंगची ओळ त्यांच्या मशीनमध्ये नाहीच, ‘तुम्ही ती स्वप्नात पाहिली का’ असं त्यांनी विचारलंय. दुसरं, ‘पोरांना आधी कारण सांगतात, मग कृती, तुम्ही नुसती कृती सांगून मोकळे झालात’. आणि तिसरं, गिऱ्हाईक दुकानात यावं म्हणून मी मुद्दाम अर्धवट लिहितो.

तिसरं खरं नाही गुरुजी. गंगाखेडहून परभणीला लॅपटॉप घेऊन येणाऱ्याचा अर्धा दिवस जातो, आणि असं बिघडलेलं मशीन आलं की माझाही जातो. पहिली दोन मात्र मान्य.

तो लेख २०२३ चा असला तरी त्यातला सल्ला त्याहून दहा वर्षं जुना आहे. २०१२ ला विंडोज ८ आलं, त्याच्यासोबत सिक्युअर बूट आलं. आमच्याकडं लोक नवा लॅपटॉप घ्यायचे आणि आठवड्याभरात दुकानात यायचे, ‘ते पडद्यावरची चौकोनं काढा आन सेव्हन टाकून द्या’. विंडोज ७ ला सिक्युअर बूट कळत नव्हतं, आणि सीएसएम म्हणजे जुन्या बायोससारखं (जुन्या मशीनमधल्या सुरुवातीच्या प्रोग्रामसारखं) वागायची सोय चालू केल्याशिवाय ते नीट बसत नव्हतं. म्हणून मशीन चालू होताना सेटिंगसाठी एफ २ दाबायचं, सिक्युअर बूट बंद, सीएसएम चालू, पुढं. दिवसाला चार-पाच मशीन. हात इतका बसला की पुढं विंडोज १० आलं, ११ आलं, तरी मी तेच करत राहिलो आणि तेच लिहिलं. सीएसएम २०२० पर्यंत संपवायचं इंटेलनं आधीच जाहीर केलं होतं. बऱ्याच नव्या लॅपटॉपात ती ओळ नसतेच. तुम्ही स्वप्न म्हणलात ते बरोबरच आहे, फक्त ते जुनं स्वप्न आहे.

आता कारणं.

तुमचं पहिलं दुखणं सिक्युअर बूट नव्हतंच, पेनड्राइव्ह होता. उबुंटू २०१२ पासून सिक्युअर बूट चालू ठेवूनच बसतं. त्याच्या सुरुवातीला ‘शिम’ नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो, त्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते, आणि फर्मवेअर, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा मदरबोर्डमधला प्रोग्राम, ती सही बघून आत सोडतं. जुन्या शिममध्ये त्रुटी सापडल्या, म्हणून ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं मशीनमध्ये एक बाद यादी भरली. त्या यादीतला शिम असलेला पेनड्राइव्ह लावला की नेमका तुम्ही लिहिलेला संदेश येतो आणि मशीन बंद होतं. कपाटातला पेनड्राइव्ह त्याच्या आधीचा असणार. उबुंटूची ताजी फाइल उतरवून पेनड्राइव्ह नव्यानं बनवला असता, तर एकाही सेटिंगला हात लावायची गरज पडली नसती. माझ्या लेखानं तुम्हाला उलट्या रस्त्याला लावलं.

मग ४८ आकडे कुठून आले? तुम्ही शिक्षक, तर हजेरीचं उदाहरण घेतो. मदरबोर्डवरची टीपीएम चिप मशीन चालू होताना दर वेळी हजेरी घेते: फर्मवेअर तेच आहे का, सिक्युअर बूट चालू आहे का, विंडोजचा बूट प्रोग्राम ओळखीचा आहे का. हजेरी जुळली तर ती डिस्कचं कुलूप गुपचूप उघडून देते, आपल्याला पत्ताही लागत नाही. तुम्ही सिक्युअर बूट बंद केलं, हजेरी चुकली, आणि तिनं पालकांची चिठ्ठी मागितली. ती चिठ्ठी म्हणजे सहा-सहा आकड्यांचे आठ गट, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, रिकव्हरी की. आजकाल विंडोजच्या होम आवृत्तीतही मायक्रोसॉफ्ट खात्यानं पहिल्यांदा लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागतं आणि की त्या खात्यात जाऊन बसते. तुम्हाला ती मिळाली हे नशीब. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांचं पहिलं खातं विकणाऱ्यानंच कुठल्या तरी मेल आयडीवर काढून दिलेलं असतं, पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो. अशा वेळी मी हात जोडतो, डेटा गेला.

निळा पडदा वेगळ्या कारणानं. विंडोज ज्या डिस्क मोडवर बसवलंय त्याच मोडचा ड्रायव्हर (डिस्क ओळखणारा छोटा प्रोग्राम) ते सुरुवातीला चालू करतं. तुम्ही आरएसटी काढून एएचसीआय केलं, आता त्याला स्वतःचीच डिस्क दिसेना. डेटा जागेवर आहे, घाबरू नका. एफ २ ला जाऊन मोड पुन्हा आरएसटी करा, सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. हजेरी जुळली की बहुतेक की न मागताच विंडोज उघडेल. आधी नेमकं काय होतं ते आठवत नसेल तर तिथंच ‘लोड सेटअप डिफॉल्ट’ करा, बहुतेक कंपनीतून आलं तसं होईल. फास्ट बूटचं सोडा, ते कसंही असलं तरी चालतं.

तरी तुमचं एक वाक्य मला पटलं नाही. ‘यापुढे या सेटिंगला कुणी हात लावू नये’ असं तुम्ही लिहिलंय. काही मशीनवर आरएसटी चालू असताना उबुंटूच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही. तिथं एएचसीआय करावंच लागतं. फक्त ते अडल्यावर करायचं, आणि आधी विंडोजला सांगून. विंडोजमधल्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत ‘सेफ बूट’वर खूण करा, रीस्टार्ट करून थेट फर्मवेअरमध्ये जा, मोड बदला, विंडोज सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर) एकदा उघडू द्या, मग ती खूण काढा. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागतो, तो आधीच जवळ ठेवा. आणि ती ४८ आकड्यांची की वहीत लिहून ठेवा, त्याच लॅपटॉपवर फाइल करून नाही. हसू नका, तसं केलेला माणूस मागच्या महिन्यात दुकानात बसून होता.

आणखी एक, एसर कंपनीचा लॅपटॉप असलेल्यांसाठी. सिक्युअर बूटची ओळ पुसट दिसते, बदलत नाही, अशा तीन प्रतिक्रिया आल्यात. तिथं आधी फर्मवेअरचा सुपरवायझर पासवर्ड लावावा लागतो, मग ओळ उघडते. काम झालं की तो पासवर्ड रिकामा करून टाका, नाहीतर विसरल्यावर फार महागात पडतं.

लेखातला ‘आधी या चार सेटिंग बदला’ हा परिच्छेद काल रात्रीच काढला. त्या जागी आता एवढंच आहे: काहीही न बदलता ताज्या पेनड्राइव्हनं बूट मेनूतून (मशीन कशावरून चालू करायचं ते निवडायची यादी) चालू करून बघा, अडलं तर पडद्यावर आलेल्या ओळीचा फोटो काढा, फर्मवेअरच्या त्या पानाचाही काढा, आणि एकच सेटिंग बदला.

गुरुजी, नातीचं मशीन आजच हाती घेऊ नका. तुमच्याकडं संध्याकाळी लाइट जाते असं तुम्हीच लिहिलंय. उद्या सकाळी चार्जर लावून आधी आरएसटी परत आणा आणि विंडोज उघडलं का तेवढं खाली लिहा. डिस्क मोडची ओळ सापडली नाही तर फर्मवेअरच्या प्रत्येक पानाचा फोटो पाठवा, दुकानात यायची गरज नाही.