पिस्तूल, सैनिक आणि ‘स्पष्टवक्ता पुणेकर’

महायुद्धांतल्या सैनिकांना सरकारकडून मिळालेल्या पिस्तुलाचं फारसं कौतुक नव्हतं, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘स्पष्टवक्ता पुणेकर’ लिहितात, “ज्याने आयुष्यात पिस्तूल हातात धरलं नाही, त्याने सैनिकांच्या मनातलं सांगायच्या भानगडीत पडू नये. अमेरिकन सैनिक कोल्ट १९११वर जीव टाकत. घरबसल्या लेख पाडणं सोपं असतं.” पुढे टोकारेव्ह आणि बेरेटा ही पिस्तुलं आणि माझं शुद्धलेखन यांवर आणखी काही ओळी आहेत.

महोदय, मतभेदाचं मला वावडं नाही. पण टोपणनावाआडून दुसऱ्याची लायकी काढायची आणि त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणायचं, ही आपल्या शहराची जुनी खोड आहे. ती आपण निष्ठेने जपता आहात.

आता ‘हातात धरलं नाही’ याबद्दल. मी खडकीत वाढलो. वडिलांची सगळी नोकरी अम्युनिशन फॅक्टरीत झाली. एनसीसीत पॉइंट टू टू रायफल चालवली आहे, आणि फार वाईट चालवली नाही. शेजारी निवृत्त सुभेदार राहायचे. पिस्तुलाचा विषय काढला की ते हात झटकून म्हणत, “ते साहेबाचं. आपली रायफल.” तेव्हा मी काही पेशवाईतून थेट संगणकासमोर येऊन बसलेलो नाही. आणि तुमचाच नियम लावायचा तर शिवकाळावर लिहिणाऱ्यांनी आधी दांडपट्टा फिरवून दाखवायचा का?

कोल्टबद्दल एवढं मान्य करतो की ‘सैनिकांना’ असं सरसकट न लिहिता ‘बहुतेक सैनिकांना’ लिहायला हवं होतं. ८ ऑक्टोबर १९१८ रोजी संगिनी रोखून अंगावर आलेल्या जर्मनांना अल्विन यॉर्क या अमेरिकन सैनिकाने याच पिस्तुलाने लोळवलं, हे मलाही माहीत आहे. पण ज्या सैन्याचा या पिस्तुलावर जीव होता म्हणता, त्याच सैन्याने १९४१ साली एम-१ कार्बाइन, म्हणजे आखूड, हलकी रायफल, का स्वीकारली? तोफखान्यातले, वाहनांवरचे, पिछाडीचे लोक पिस्तुलाने नेम साधू शकत नव्हते म्हणून. कोल्टचं वजन साधारण १.१ किलो, कार्बाइनचं २.४च्या आसपास. तरी दुप्पट ओझं परवडलं.

ब्रिटिशांचं बघा. पश्चिम आघाडीवर हातात नुसतं रिव्हॉल्व्हर दिसलं की हा अधिकारी, हे जर्मन नेमबाज लांबूनच ओळखत. म्हणून कित्येक अधिकारी शिपायासारखा वेश करून, रायफल घेऊन पुढे जात. खंदकाच्या अरुंद वळणावर वेब्ली, म्हणजे त्यांची रिव्हॉल्व्हर, कामाची होती, नाही कोण म्हणतं? खटका दाबून नळी खाली मोडली की सहाही पुंगळ्या एकदम बाहेर. पण नव्या गोळ्या बोटांनी एकेक करून भरायच्या, त्याही चिखलाने बरबटलेल्या हातांनी.

पुढे पॉइंट ३८चं एनफील्ड रिव्हॉल्व्हर आलं. १९३८ साली त्याच्या घोड्यावरचा (गोळीवर आपटणाऱ्या हातोडीवरचा), अंगठ्याने मागे ओढायचा उंचवटाच काढून टाकला, कारण रणगाड्यात तो अडकायचा. मग प्रत्येक गोळीला चाप पूर्ण ओढायचा, आणि तो इतका जड की नेम हलायचा. अशा हत्यारावर जीव टाकणारे मला तरी सापडले नाहीत. सैनिक हौसेने मिरवत ते शत्रूचं लुटलेलं लुगर, म्हणजे जर्मन पिस्तूल. ती लूट होती, सरकारी वाटप नव्हे, आणि माझा लेख वाटपाबद्दल होता. शीर्षकातच होतं ते. वाचलं असेलच.

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर नाईक हुद्द्यावरचे यशवंत घाडगे. १० जुलै १९४४, इटली. सोबतचे पडले, टॉमी गनचं (हातातल्या छोट्या मशीनगनचं) मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता, तेव्हा त्यांनी तीच बंदूक उलटी धरून शत्रूला बडवलं. व्हिक्टोरिया क्रॉसच्या त्या मानपत्रात पिस्तूल कुठेच नाही.

टोकारेव्ह माझ्या लेखात नव्हतंच. बेरेटा अमेरिकेने १९८५ साली घेतलं, म्हणजे ज्या युद्धांबद्दल मी लिहिलं ती संपून चाळीस वर्षं उलटल्यावर. शुद्धलेखनाचं म्हणाल, तर तुमच्या प्रतिक्रियेत ‘पिस्तूल’ तीन प्रकारे लिहिलं आहे. पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने आली तरच छापेन.