अखंड धुनीचं व्रत

हार्ट अटॅकची मनापासून आस असलेले लोक एक चूक हमखास करतात. सगळी भिस्त कोलेस्टेरॉलवर टाकतात. वडे तळून खाल्ले, पाइपात गाळ बसला, काम झालं! अहो, धमनी म्हणजे काय सोसायटीची गटारलाइन आहे? ती जिवंत आहे, तिला राग येतो. तो राग धुमसता ठेवणं हे खरं व्रत. रुडॉल्फ फिर्खो नावाच्या जर्मन डॉक्टरने 1850च्या दशकातच सांगितलं होतं की धमनीच्या भिंतीत दाह असतो. पुढची शंभरेक वर्षं कुणी ते फारसं मनावर घेतलं नाही. तुम्हीही घेऊ नका.

मुहूर्त बघत बसू नका. कोरियाच्या युद्धात मेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची हृदयं उघडून पाहिली, तेव्हा 77 टक्क्यांच्या धमन्यांत रोगाच्या खुणा सापडल्या. वय सरासरी 22. म्हणजे पोराला आत्ताच बसवा व्रताला.

आत काय घडतं ते ऐका, मजा आहे. एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, कण धमनीच्या अस्तराखाली घुसतात आणि तिथे खवट होतात. पांढऱ्या पेशी पोलीस म्हणून धावत येतात आणि कण गिळत सुटतात. लग्नाच्या पंगतीत आग्रहाला बळी पडलेल्या पाहुण्यासारख्या इतक्या फुगतात, की पाटावरून उठताच येत नाही. तिथेच मरतात, आणि मरण्याआधी आणखी पाहुण्यांना सांगावा धाडतात. यजमान म्हणून तुम्ही फक्त सरपण घालत राहायचं. सिगारेट उत्तम. वाढलेलं पोट त्याहून सोयीचं: आतली चरबी स्वतःच दाहाची रसायनं रक्तात सोडते, तुम्ही झोपलात तरी. पोटावरून हात फिरवत ‘खात्यापित्या घरचे’ म्हणायचं, बस्स.

एचएस-सीआरपीची, म्हणजे अंगातला दाह रक्तातून मोजणारी, तपासणी मात्र चुकूनही करू नका. आकडा 2च्या वर दिसला की डॉक्टर उगाच नाक खुपसतात. 2017 साली तर आगळीकच झाली. अटॅक येऊन गेलेल्या आणि आकडा 2 किंवा त्याहून वर असलेल्या दहा हजार लोकांवर कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन तपासलं. कोलेस्टेरॉल होतं तिथेच राहिलं, नुसता दाह उतरला, तरी मधल्या डोसच्या गटात अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून 15 टक्क्यांनी कमी झाले. काय हा व्रतभंग! सुदैवाने त्याने जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, म्हणून ते सरसकट वापरात आलं नाही. मग गाउटच्या सांधेदुखीवरची जुनी गोळी कोल्चिसिन पुढे आली. 2019च्या चाचणीत फायदा, 2024च्या मोठ्या चाचणीत काहीच नाही. डॉक्टर वाद घालत बसोत, तुम्ही काकांच्या उरलेल्या गोळ्या अंदाजाने घ्या. जास्त झाल्या तर व्रताचं फळ हृदयाच्याही आधी मिळतं. कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन दाहही कमी करतं, तेव्हा ते व्हॉट्सॲपवरचा पहिला मेसेज वाचताच बंद.

अँजिओग्राफीत ‘40 टक्केच ब्लॉकेज’ निघालं तर पेढे वाटा. कित्येक अटॅक धमनीच्या भिंतीतल्या अशाच लहानशा चरबीच्या गाठीतून येतात, हे पेढे खाणाऱ्यांना सांगू नका. गाठीवर एक पातळ साय असते. दाहातल्या पेशी ती आतून कुरतडत असतात आणि स्ट्रेस टेस्ट बिचारी नॉर्मल येते. एक दिवस साय फाटते, रक्ताला वाटतं जखम झाली, ते इमानदारीने गुठळी करतं. मघाची 60 टक्के मोकळी वाट काही मिनिटांत बंद.

हे कदाचित पहाटे होईल. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटेल, घाम फुटेल, डावा हात जड होईल. उतू नका, मातू नका, घेतला वसा टाकू नका. बायको ‘रिक्षा बोलावू का’ म्हणाली तर हात झटका. काल रात्रीची मिसळ बाधली म्हणावं. ओवा मागा, सोडा मागा, कुशीवर वळा. ‘गॅस आहे गं, सकाळी बघू.’