दोन तासांत राजधानी उरकण्याचा राजमार्ग

साताऱ्याला मुद्दाम येऊ नका. मुद्दाम आलेल्या पाहुण्याबद्दल आमच्याकडे दोनच अंदाज बांधले जातात: एक तर कोर्टात तारीख असणार, नाहीतर मुलगी बघायला आला असणार. शहाणा माणूस साताऱ्याला चुकून येतो. गप्पांच्या नादात सुरूर फाट्याला वाईकडे वळायचं राहून जातं, किंवा कासच्या पठाराचं बुकिंग दुपारचं मिळतं आणि सकाळचे दोन तास अंगावर येतात. दोन तास म्हणजे अडचणीचं माप. चहा पिऊन संपत नाहीत आणि झोप काढायला पुरत नाहीत. अशा वेळी मराठ्यांची राजधानी बघून टाकावी.

त्यासाठी खासगी गाईड घ्या. चारचौघांबरोबर फिरण्यात धोका असा की त्यांच्यात हमखास एखादे निवृत्त मास्तर निघतात आणि ते प्रश्न विचारतात. खासगी सहलीत प्रश्न विचारणारे तुम्हीच, त्यामुळे ती भीती नाही. गाईड ठरवताना त्याला काय माहीत आहे हे विचारण्यात वेळ घालवू नका, किती वेळात सोडणार तेवढं विचारा. तो म्हणेल, "साहेब, समदं नीट बघायचं म्हनलं तर दोन दिस लागत्यात." घाबरू नका, ही घासाघिशीची सुरुवात आहे. दोन दिवसांवरून तो एका दिवसावर येतो, दिवसावरून अर्ध्या दिवसावर, आणि तुम्ही गाडीचं दार उघडलंत की दोन तासांवर. पैसे मात्र जिथल्या तिथेच राहतात. मागच्या सीटवरून वहिनी विचारतील, "आणि पेढे?" पेढेही त्यातच बसवायचे.

सुरुवात अजिंक्यताऱ्यापासून करा, कारण गाडी वरपर्यंत जाते. औरंगजेबाला ही सोय नव्हती. तो डिसेंबर १६९९ मध्ये स्वतः सगळा लवाजमा घेऊन पायथ्याशी येऊन बसला, तो एप्रिल १७०० पर्यंत बसूनच राहिला. वरून किल्लेदार प्रयागजी प्रभू त्याच्या माणसांवर धोंडे लोटत होते. शेवटी मोगलांनी सुरुंग लावले. एका स्फोटात प्रयागजी मंगळाईच्या देवळाजवळ ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि उकरून काढले तर जिवंत निघाले, असं सांगतात. दुसरा सुरुंग उलटा उडाला आणि तटाचा तट खाली दबा धरून बसलेल्या मोगलांच्याच अंगावर आला. त्याच वेढ्यात राजाराम महाराज सिंहगडावर वारल्याची बातमी आली आणि मग किल्ला पडला. बादशहाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं. ताराराणींनी किल्लाही परत घेतला आणि नावही बदललं.

हे सगळं तुमच्या गाईडला माहीत असतं. त्याच्या आजोबांपासून माहीत असतं. म्हणून तर जपून राहायचं. तो मंगळाईच्या देवळापाशी थांबेल, घसा खाकरेल, बोट तटाकडे करून "आता हिकडं बघा साहेब, हितं सुरुंग..." असं म्हणू लागेल. त्या क्षणाला मोबाईल त्याच्या हातात द्या आणि सांगा, "दादा, मागे शहर येईल असा एक काढा. आडवा नको, उभा." सुरुंग तिथल्या तिथे विझतो. पोरं विचारतील, वर रेंज येते का? येते की. टीव्हीचा मनोरा आहे वर. ताराराणींच्या वाड्याच्या जोत्यावर उभं राहून व्हिडिओ कॉल लावता येतो, आणि पलीकडून मावशी विचारतात, "कुठे आहात गं? पावसाळी गवत छान आलंय."

शिवाजी महाराजांनी हा किल्ला १६७३ मध्ये घेतला, पण राजधानी रायगडच राहिली. त्यामुळे "महाराजांचं सिंहासन इथेच होतं ना?" हा प्रश्न जरूर विचारा. नवखा गाईड गडबडतो. मुरलेला गाईड तुमच्या मनगटावरचं घड्याळ बघतो आणि म्हणतो, "व्हय, हितंच."

खरं तर सिंहासनावर इथे बसले ते शाहू महाराज, १२ जानेवारी १७०८ ला. संभाजी महाराजांचे चिरंजीव, औरंगजेबाच्या कैदेत लहानाचे मोठे झालेले, बादशहा मेल्यावर सुटलेले. किल्ला तेव्हा ताराराणींच्या पक्षाकडे होता आणि वर परशुरामपंत प्रतिनिधी पाय रोवून बसले होते. औरंगजेबाला जे महिनोन्‌महिने जमलं नाही ते शाहूंनी दारूचा कण न उडवता केलं. वरच्या हवालदाराची, शेख मिऱ्याची, बायकापोरं वाईला होती. ती ताब्यात घेतली आणि वर निरोप गेला की किल्ला दे, नाहीतर पोरं तोफेच्या तोंडी. शेख मिऱ्याने प्रतिनिधींनाच कैद केलं आणि दरवाजा उघडला. ही गोष्ट रंगते. रंगते म्हणजे वेळ खाते. तेव्हा ती चालू झाली की खाली उतरायला लागा. बादशहाला जिथे साडेचार महिने लागले तिथे तुम्ही अर्ध्या तासात आत जाऊन बाहेर आलात, हे मित्रांना सांगताना लाजू नका.

पुण्याहून आलेल्यांनी एक पथ्य पाळावं. साताऱ्यात चाळीस वर्षं शाहू छत्रपती होते, पेशवाईची वस्त्रं त्यांच्याकडून मिळत, आणि १७३७ मध्ये दिल्लीच्या वेशीवर जाऊन थडकलेल्या बाजीरावाच्या शिक्क्यावर आधी "श्री राजा शाहू नरपती हर्षनिधान" होतं आणि मग "बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान", असल्या माहितीने घरी परतल्यावर उगाच अवघडल्यासारखं होतं. शनिवारवाड्यात पाहुण्यांना फिरवताना आवाज खाली जातो. त्यापेक्षा गाईडने शाहूंचं नाव काढलं की "म्हणजे कोल्हापूरचे शाहू ना?" असं विचारावं. तो बिचारा दोन शाहूंमधलं सव्वाशे-दीडशे वर्षांचं अंतर समजावत बसतो, तेवढ्यात राजवाडा येतो.

राजवाड्यापाशी उतरायची गरज नाही, कारण पार्किंग मिळत नाही. काच खाली करून बघा. राजवाडा असून लोक ये-जा करताना शाळेची आठवण काढतात, याचं कारण इथे सरकारी हायस्कूल भरत असे. ७ नोव्हेंबर १९०० ला त्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर नावाच्या मुलाचं नाव दाखल झालं. ज्या राज्याची गादी कंपनीने गिळली त्याच्या वाड्यात बसून तो मुलगा इंग्रजी शिकला आणि पुढे देशाची घटना लिहिणाऱ्या समितीचा अध्यक्ष झाला. महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात तो यामुळे. पण आपल्याला काय, आपण काही विद्यार्थी नाही. पुढे चला.

चार भिंतीला मात्र न्यायला सांगा. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे, वारा चांगला सुटतो. सातारकर तिथे संध्याकाळी हवा खायला जातात आणि जोडपी कठड्यावर खाली पाय सोडून बसतात. तिथे हुतात्मा स्मारक आहे, कोणाचं ते विचारायची पद्धत नाही. मी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला गाईडकडून ऐकावं लागणार नाही.

१८१८ मध्ये पेशवाई बुडवताना इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं, आणि १८३९ मध्ये राजद्रोहाचा आळ घेऊन उठवून काशीला पाठवून दिलं. महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. १८४० मध्ये पोचले ते १८५३ पर्यंत तिथेच राहिले. कंपनीच्या दारात अर्ज, पार्लमेंटच्या सभासदांना पत्रं, छापील पत्रकं, सभा. तिथली भाषा शिकले, तिथली थंडी काढली, कर्ज झालं. मधल्या काळात १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले. १८४८ मध्ये त्यांचे भाऊ, गादीवरचे शहाजी महाराज, वारले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्यच खालसा केलं. म्हणजे ज्या गादीसाठी वकील भांडत होता ती गादीच उरली नाही, तरी वकील आणखी पाच वर्षं तिथेच. परत आल्यावर १८५७ च्या उठावाच्या तयारीत पडले, आणि इंग्रज पकडायला आले तेव्हा जे निसटले ते पुन्हा कोणाला सापडले नाहीत. मागे राहिलेल्यांची त्याच वर्षी ८ सप्टेंबरला गेंडामाळावर रांग लागली. सतरा माणसं. काहींना फाशी, काहींना गोळ्या, काहींना तोफेच्या तोंडी.

एवढं वाचायला तुमचा मिनिटभर गेला, तो सहलीच्या वेळातून वजा करा. कठड्यावर पाय सोडून बसलेल्या जोडप्याला तेवढं उठवू नका. त्यांना तिथलं जितकं माहीत आहे तितकंच तुम्हालाही असलेलं बरं.

संग्रहालय एसटी स्टँडजवळ आहे. गेलातच तर वाघनखांची चौकशी करा. २०२४ च्या जुलैत ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि पहिला मुक्काम साताऱ्यात पडला. गंमत अशी की लंडनला ती गेली ग्रँट डफच्या घराण्याकडून. हा डफ म्हणजे १८१८ नंतर साताऱ्याला नेमलेला इंग्रजांचा रेसिडेंट, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा. म्हणजे आमच्याच गावातून नेलेली म्हणून दाखवलेली वस्तू आमच्याच गावात उसनी आली, आणि आम्ही रांगा लावून बघितली. अफजलखानाच्या वेळची हीच याची खात्री देता येत नाही, असं खुद्द लंडनचं संग्रहालय सांगतं. रांगेत उभं राहून हे बोलायचं नसतं, एवढं भान ठेवा. आता ती तिथे नाहीत, पुढच्या मुक्कामाला गेली. त्यामुळे संग्रहालयात तुमची दहा मिनिटं वाचतात.

ती वाचलेली मिनिटं माहुलीला द्या. कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम, घाट, विश्वेश्वराचं देऊळ, काळे दगड. चपला कुठे काढायच्या यावर घरात मतभेद होतील. इथे शाहू महाराजांची समाधी आहे. तुम्हाला मात्र बघायचा आहे कुत्रा. दगडी आहे, चावत नाही. खंड्या त्याचं नाव. शिकारीत वाघ अंगावर येत होता तेव्हा याने महाराजांना वाचवलं, म्हणून त्याचं स्मारक. गाईडने आतापर्यंत मुकाट गिळलेलं सगळं बोलणं इथे बाहेर पडतं, कारण कुत्र्याची गोष्ट तुम्ही शेवटपर्यंत ऐकता हे त्याला अनुभवाने माहीत असतं. पोरं कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवून फोटो काढतात. राजा कोण, त्याने राज्य कुठवर नेलं, १७४९ च्या डिसेंबरात तो गेल्यावर कारभार कसा पुण्याकडे सरकला, हे पाठीमागेच राहतं, कारण फोटोच्या चौकटीत कुत्राच मावतो.

त्याच कुत्र्याची आणखी एक गोष्ट डफने लिहून ठेवली आहे. ती तुमच्यासारख्या मानकऱ्यांनी ऐकण्याजोगी आहे. एक सरदार भपक्याने साताऱ्याला आला, आपला थाट महाराजांनी बघावा म्हणून. शाहूंनी दरबार भरवला, स्वतः साधेच बसले, आणि कुत्र्याला जरीचे कपडे आणि दागिने घालून त्याच्या डोक्यावर स्वतःची पगडी ठेवली. सरदाराने मुजरा कोणाला केला ते डफने लिहिलेलं नाही. त्यानंतर महाराजांनी डोक्याला कधी काही घातलं नाही, म्हणे. कुत्र्याला दिलेली वस्तू परत कशी घ्यायची?

गाईड हे सांगत असताना तुमच्या एसी गाडीकडे, चालकाकडे आणि वहिनींच्या गॉगलकडे बघेल. त्यात काही अर्थ काढू नका. त्याला उन्हाचं नीट दिसत नसेल.

पेढ्यांसाठी मोती चौकात थांबा. कंदी पेढा घेताना "अस्सल कुठला?" असं विचारू नये, प्रत्येक दुकानदार स्वतःचाच सांगतो आणि प्रत्येकाचा खराच असतो. तुम्ही पुण्याला नेऊन शेजाऱ्यांना देणार आहात, आणि शेजारी पांढरा आणि खमंग भाजलेला यातला फरक न बघताच "साताऱ्याचे का? वा!" म्हणणार आहेत. दोन किलो घ्या. सहलीत एवढा वेळ दुसरीकडे कुठेच गेला नसेल, तो इथे जाऊ द्या.

गाईडला सोडताना "अजून काही बघण्यासारखं आहे का हो?" असं विचारायचा शिष्टाचार आहे. "काय नाय साहेब, झालं समदं," असं म्हणायचा शिष्टाचार त्याच्याकडेही आहे. लिंबची बारा मोटांची विहीर, सज्जनगड, यवतेश्वराहून शहरात आणलेलं खापरी नळांचं पाणी, ही नावं त्याच्या जिभेवर येतात आणि तो ती गिळतो. त्याची पुढची गाडी पोवई नाक्यावर येऊन थांबलेली असते. मोबाईलवर शेरा लिहा: गाईड चांगला, जास्त बोलत नाही. पाचातले चार तारे द्या आणि एक कापा, किल्ल्यावर लिफ्ट नाही म्हणून.

आणि मग लगोलग कासकडे निघा. उशीर केलात तर यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागते. तिथे तास-दीड तास जागेवर बसावं लागतं, डाव्या हाताच्या खिडकीतून किल्ल्यासकट सगळा सातारा दिसत राहतो, आणि त्याला काही इलाज नसतो.