पाकिटातलं नाव

सकाळी एका जुन्या मैत्रिणीच्या मुलाचा फोन आला. पाच वर्षं विरोधी पक्षात राबतोय पोरगा. उमेदवाराचं नाव थेट वरून आलं. "काका, एकदा विचारायचं तरी आम्हाला," एवढं बोलला आणि गप्प झाला. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

वरून ठरवलेलं नाव ज्यात येतं, ते पाकीट मी पाहिलंय. पंचविशीत होतो. रात्र रात्र पोस्टरं चिकटवणारे आम्ही चाळीसजण एका खोलीत दाटीवाटीने बसलेलो. निरीक्षकांनी पाकीट फोडलं, नाव वाचलं. चार दिवसांपूर्वी सत्ताधाऱ्यांकडून आलेला माणूस! टाळ्या वाजवा म्हणाले. आम्ही वाजवल्या.

अरे, सत्ताधाऱ्यांकडे वाटायला पदं असतात, कंत्राटं असतात. नुकत्याच लोकशाहीत आलेल्या देशात विरोधकांकडे असतं काय? ही चाळीस माणसंच ना? त्यांनाच विचारायचं नाही?

घानामध्ये एनपीपी हा पक्ष 2008 ची निवडणूक हरला आणि सत्तेबाहेर गेला. त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींची संख्या साधारण 2,300 वरून एक लाखाच्या वर नेली. 2010 मध्ये अकुफो-अडो त्या मतदानातून पक्षाचे उमेदवार ठरले. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक 2012 ला हरले, 2016 ला जिंकले. पक्षांतर्गत मतं तिथेही विकत घेतली जातात, मान्य. पण दोन हजार जणांना खिशात घालणं सोपं, लाखाला अवघड.

"सगळ्यांना विचारलं की फूट पडते," हे तर ठरलेलं उत्तर. दक्षिण कोरियात 1987 ला किम यंग-साम आणि किम दे-जुंग हे दोघेही विरोधी नेते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि लष्करी राजवटीतले रोह ते-वू 37 टक्क्यांहूनही कमी मतांत निवडून आले. खरंय. केनियात 2002 ला विरोधी नेते रायला ओडिंगांनी भरसभेत "किबाकी तोशा", म्हणजे उमेदवार म्हणून किबाकी पुरेसे आहेत, असं जाहीर केलं. पक्षात मतदान नाही, काही नाही, तरी जवळजवळ चाळीस वर्षांची कानू पक्षाची सत्ता गेली. हेही खरं. पण ओडिंगा स्वतः स्पर्धेत होते, त्यांनी आपला हक्क सोडला आणि तो उघड्यावर, लोकांसमोर सोडला. आमच्या खोलीत कोणी काय सोडलं होतं? फक्त आमच्याकडून सोडवून घेतलं.

त्या निरीक्षकांचाही आता तेवढा राग येत नाही. त्यांच्या हातात कोणीतरी पाकीट दिलं, त्यांनी फोडलं. त्या टाळ्या मात्र अजून ऐकू येतात.

उद्या त्या पोराच्या उमेदवाराचा मेळावा आहे म्हणे. रात्री त्याला फोन करणार आहे. पक्ष सोड म्हणणार नाही. टाळ्या वाजवू नकोस, एवढंच सांगणार आहे.